इंटरकॉमवरची आत्या

माझ्या आत्याचं भूत तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय.

टीव्हीवर.

आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

नलूआत्या म्हणजे आमच्या पनवेलच्या हौशी नाटक मंडळाची हिरोइन. ऑफिस सुटलं की थेट तालमीला. स्टेजवर माइक दिसला तरी तिला अपमान वाटायचा.

मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरला तो घोगरा, फाटका, मध्येच नुसती हवा.

एकदा फोनवर गॅसवाला म्हणाला, "बोला काका."

त्या दिवसापासून तिने फोन घेणं सोडलं. मंडळात जाणंही. मासळी बाजारात नुसतं बोट दाखवायची.

आणि एक दिवस ऋचा घरी आली. लहानपणी आत्याची नाटकं बघून वेडी झालेली मुलगी, आता सिरियल डिरेक्ट करत होती. मेलेली सासू दाराशी येऊन "आत घे" म्हणते, ती जुनी भुताची गोष्ट. नव्या व्हर्जनमध्ये वाडा गेला, उलव्याचा टॉवर आला. सासू आता कडी वाजवत नाही, खालून इंटरकॉम करते.

"अगं, पण माझा आवाज?"

"डब करू ना मावशी. सासू म्हणून मला तुम्हीच हव्यात."

आत्या हो म्हणाली. पण त्या दिवशी जेवली नाही.

शूटिंग उलव्यातल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी, खिडक्यांना काळं कापड लावून. सासूची वाक्यं असिस्टंट वाचणार होता.

आत्या म्हणाली, "मीच बोलते. सून झालेल्या त्या पोरीला समोरून काहीतरी मिळायला नको?"

खाली लॉबीत जाऊन तिने रिसीव्हर उचलला.

"सूनबाई... दार उघड गं. बाहेर फार गार आहे."

वर फ्लॅटमध्ये सून झालेल्या हिरोइनने किंचाळायचं होतं.

ती किंचाळलीच नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती कडी काढायला निघाली.

ऋचा कट म्हणायलाच विसरली.

आत्याचाच आवाज ठेवायचं चॅनेलच्या साहेबांना मात्र पटेना. "ऑडियन्सला कळणार नाही हो. क्लिअर व्हॉइस घ्या." ऋचा आमच्या हॉलमध्ये बसून त्यांच्याशी स्पीकरवर भांडत होती.

आत्याने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"हॅलो. मी भूत बोलतेय."

मग तिनेच विचारलं,

"मी काय म्हणाले ते कळलं?"

"हो... हो मॅडम."

"मग ऑडियन्सलाही कळेल."

आवाज तिचाच राहिला!

एपिसोड लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात आमची नेहमीची कोळीण ओरडली, "बाय, तूच हाय ना ती? आमी झोपलो नाय गो! बोल ना जरा!"

आत्या टोपलीवर वाकली. "दार उघड गं..."

कोळणींची अख्खी रांग किंचाळली. मग हसून हसून सगळ्यांचे डोळे भरले. आत्याने तिथल्या तिथे पापलेटचा भाव पाडून घेतला.

त्यानंतर ती गप्प बसली असेल तर शपथ. फोन तीच घ्यायची. मंडळात परत गेली, माइक लावून दोन नाटकं केली. "मिळतोय तर घ्यावा," म्हणाली.

शोकसभेत दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं होतं. मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळा हॉल वाजवत राहिला, आणि थांबा म्हणायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

आत्या, फार भारी जगलीस.

तुला मनापासून नमस्कार.