तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप

१९७६ सालच्या मार्च महिन्यात, सोलापुरातल्या भवानी पेठेत, आमची लिफ्ट तपासायला आलेले सरकारी साहेब त्याच लिफ्टमध्ये कुलूपबंद झाले. सोबत मी होतो.

इमारत आमचीच. खाली चादरींचं दुकान, मधे गोदामं, तिसऱ्या मजल्यावर घर. पेठेतली पहिली लिफ्ट आमची! (माझे वडील अप्पा गिऱ्हाइकाला चादरीच्या भावाआधी हे सांगत.) साहेबांची सही होईपर्यंत ती वापरायला मनाई होती. गोदामात कापड, त्यामुळे आगीची घंटाही तपासली जाणार होती. घंटा वाजली की इमारत रिकामी झाली पाहिजे, अशी अट होती.

खरी गरज होती थोरल्या काकूला. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरता यायचा, चढता यायचा नाही. दिवाळीपासून ती वरच होती. आता तपासणीसाठी तिलाही उतरावं लागणार होतं.

"आन् सही न्हाई झाली, तर मी निजू कुटं? तुज्या छापखान्यात?" तिनं मला विचारलं.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. आगीच्या बातम्या मीच लिहितो, तेव्हा आगीतला तज्ज्ञ मीच, असं अप्पांनी ठरवलं. मलाही ते पटलं! मी नियम केले. तुटक घंटा म्हणजे आग. सगळ्यांनी न बोलता जिन्यानं उतरायचं. घंटा देऊन अप्पांनी वीज बंद करायची. लांब घंटा होईपर्यंत कुणी परत फिरायचं नाही. आठवडाभर सराव झाला. शिस्त अशी, की पलीकडचे दुकानदार बघायला यायचे.

काकूनं एक नियम स्वतःचा घातला. ती शेवटी निघणार आणि कुलूप लावणार. आमच्या व्यापारी घरात उघडं दार टाकून कुणी गेलेलं नाही. आग लागली म्हणून काय झालं!

तपासणीच्या दिवशी साहेब आणि मी लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर पोचलो. साहेबांनी जिन्यातून खाली अप्पांना इशारा केला आणि ते लिफ्टमधली बटणं बघायला पुन्हा आत शिरले, मागोमाग मीही. घंटा वाजली. वीज गेली. माणसं उतरली. काकूनं घराला कुलूप लावलं, मग लिफ्टची बाहेरची जाळी सर्रकन ओढली आणि तिलाही लावलं.

"काकू, आम्ही आत आहोत!"

"दिसतंय की. पर हे दार रस्त्यावरनं थेट घरात येतंय. उगडं कसं सोडू?"

"अहो, साहेब आहेत!"

"घंटा झाल्यावर बोलायचं न्हाई म्हनलावतास. गप ऱ्हा."

कंबरेला चाव्या खोचून ती एकेक पायरी उतरू लागली.

"या बाई परत कधी येतील?" साहेबांनी विचारलं.

"लांब घंटा झाल्यावर."

"ती कोण देणार?"

"मी," मी म्हणालो. "खाली जाऊन."

साहेबांनी लिफ्टमधली घंटा दाबली. ती बॅटरीवर होती, वाजली. घाबरलेला माणूस दाबतो तशी दाबली, तुटक तुटक. दोन्ही घंटा एकाच दुकानातून आणलेल्या, आवाज अगदी एक! रस्त्यावर अप्पा ओरडले, "आग वाढली! चौकात चला!" सगळे न बोलता चौकात गेले. शेजारच्या दोन दुकानांनीही शटर ओढली.

"साहेब, बोट उचलू नका," मी म्हणालो.

लांब घंटा झाली. माणसं रांगेत परतली. अप्पांनी वीज सुरू केली आणि लिफ्ट आम्हाला घेऊन खाली आली. साहेबांचा शर्ट भिजला होता.

"कशी वाटली शिस्त?" अप्पांनी अभिमानानं विचारलं.

"इमारत रिकामी झाली. घंटा चौकापर्यंत ऐकू जाते," साहेब म्हणाले. "पण वरचं कुलूप निघाल्याशिवाय सही नाही."

"मग चला की वर!" काकू लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिली. "या सायेब."

"मी जिन्यानं येतो."

काकू वर पोचली. जाळीतून हात घालून तिनं कुलूप काढलं. साहेब धापा टाकत आले, तेव्हा तिच्या स्टोव्हवर चहाचं आधण होतं. सही तिच्याच ओट्यावर झाली.

पेठेतली पहिली लिफ्ट त्या संध्याकाळी सुरू झाली. काकूनं त्या जाळीला पुन्हा कधी कुलूप लावलं नाही. मी आत असलो, की मात्र ती कंबरेच्या चाव्या वाजवून दाखवायची.