वाळक्या हरभऱ्याची आंब

नांदेडला उतरले तेव्हा माझ्याजवळ रिकाम्या बाटल्यांनी भरलेली थर्माकोलची पेटी होती. गाडीत शेजारी बसलेल्या काकांनी पुण्यापासून तिच्यावर नजर ठेवली होती. "मासे काय?" शेवटी त्यांनी विचारलंच. "हरभऱ्याची पानं आणायला चाललेय," म्हटल्यावर त्यांनी दयेनं पाहिलं आणि एक दशमी हातावर ठेवली.

तहानलेला हरभरा पानांत प्रोलीन नावाचं द्रव्य साठवतो, पानांवरच्या लवेतून आम्ल सोडतो. पाणी तोडल्यावर ते आम्ल वाढतं की घटतं, इथं माझी पीएच.डी. अडली होती. आठवड्याभरात पानं पिवळी पडणार होती. आता हुकलं तर वर्ष फुकट.

एसटीनं लोह्याजवळच्या गावी गेले. गोदामावशींच्या शेतात माझ्या प्रयोगाचे दोन तुकडे होते, एक पाण्याचा, एक कोरडा. ओल्या तुकड्यात पायांना चुणचुणलं, लिटमस लाल झाला. कोरड्यात काहीच नाही! दुष्काळात हरभरा आम्ल सोडणंच बंद करतो, असा क्रांतिकारी शोध मी उभ्या उभ्या लावला. भाषणही मनात तयार झालं.

तेवढ्यात कुंपणावर वाळणारं धोतर दिसलं.

"पिकावर धोतर फिरवून, पिळून आंब (पानांवरचं आंबट दव) काढली की पहाटं," मावशी म्हणाल्या. "मालकाचं पोट दुखून राहिलं व्हतं."

"मावशी, त्या तुकड्याला हात लावू नका म्हटलं होतं ना!"

"पाणी देऊ नका म्हणलाव, फवारू नका म्हणलाव. फडकं टाकू नका कवा म्हणलाव?"

खरंच नव्हते म्हणाले. मला रडू यायला लागलं.

"पण कोरडाच तुकडा का?"

"वल्याची आंब पुळचट लागती. पाण्यावाचून राहिलेल्याची लई कडक. पोटदुखी लगेच थांबती."

तीन वर्षं मी ज्यासाठी यंत्रं धूत होते, ते मावशींनी कुंपणाशी उभं राहून सांगितलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? तोवर त्यांनी शिरूर अनंतपाळला बहिणीला फोन लावला. तिथं माझे असेच दोन तुकडे होते. "सुमे, उद्या फडकं टाकू नगंस. पुण्याची बाई येऊन राहिली. लई रडकी हाय."

दोन एसट्या बदलून पोचले. सुमनताईंनी भाकरीबरोबर घोळाणा (हरभऱ्याचा कच्चा पाला, कांदा, तिखट) वाढला. मी घास परत ताटात ठेवला.

"माझ्या तुकड्यातला नाही ना?"

"बांधापल्याडचा हाय. खा गुमान."

पहाटे आभाळ स्वच्छ होतं, दव भरपूर पडलं होतं. ओल्याच्या आठ बाटल्या भरल्या, कोरड्याच्या आठ. सुमनताई बांधावर राखणीला उभ्या होत्या, तेही स्वतःच्याच शेतात.

लातूरहून परतीच्या गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसले. प्रयोगशाळेचे आकडे यायला आठवडा लागणार होता. नमुना तोंडात घालायचा नाही, हा आमचा पहिला नियम मी दरवर्षी मुलांना दरडावून शिकवते. खरं सांगायचं तर दोन्ही तुकड्यांतली एकेक बाटली उघडून मी बोट चाटलं. ओल्याचं पुळचट. कोरड्याच्या आंबटपणानं डोळे मिटले.

वहीत चवीला रकाना नव्हता. मी एक आखला आणि वर गोदामावशींचं नाव लिहिलं.