मामाचा सहा पायांचा कुत्रा

माझ्या मामाच्या नकळत आजारी पडण्याची हिंमत जगातल्या एकाही यंत्रात नव्हती. मामा निजामपुऱ्यातल्या एका कापडाच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम, यंत्रमाग, दुरुस्त करणारा. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे माणसांचं बोलणं त्याला अर्धंमुर्धंच ऐकू येई. यंत्राचं मात्र साधं कण्हणंही कळे. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावली की निदान तयार. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे इतरांनाही येत नसणार, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, त्यामुळे तो घरात बोलला तरी मानकोली नाक्यावरचे रिक्षावाले वळून बघत. माझ्या लग्नात दोन मंगलाष्टकांच्या मधल्या शांततेत तो गरजला, "त्या पंख्याचं बेअरिंग गेलंय!" भटजी अंतरपाट सोडून पंख्याकडे बघायला लागले. पुढचं मंगलाष्टक संपेपर्यंत मामा स्टुलावर चढून, खिशात कायम असणाऱ्या बाटलीतलं तेल पंख्याला पाजून मोकळा झाला होता. लग्नाच्या फोटोत माझ्या नवऱ्याच्या फेट्याशेजारी मामाची पावलं स्पष्ट दिसतात.

अशा माणसाला हरवलं ते मामीच्या पायानं. मामी अंगणात पडली आणि नडगीचं हाड मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण मामीच्या मनातली भीती काही निघेना. पाय टेकवायचा म्हटलं की ती डोळे मिटून घेई. खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून नुसत्या हातांनी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पकडणारी ही बाई, आता पलंगावरून खाली बघायलाही घाबरत होती. डॉक्टरांनी बजावलं, "या महिन्यात उभ्या राहिल्या नाहीत तर पाय कायमचा आखडेल." मामानं तिला विनवलं, रागावून पाहिलं, रुसूनही पाहिलं. शेवटी त्यानं त्याला येणारा एकच उपाय केला: यंत्र बनवायला घेतलं!

सामानही अगदी वेळेवर मिळालं. मानकोलीच्या एका गोदामाचं अडकलेलं शटर त्यानं सोडवून दिलं आणि मोबदल्यात पावसात भिजलेलं एक खोकं मागून आणलं. त्यात एकमेकांत घट्ट बसणारे प्लास्टिकचे ठोकळे होते, लाल, पिवळे, निळे, पोतंभर! मामा हरखून गेला. लोडशेडिंग सुरू झालं, लूम थांबले, की तो सायकल हाणत घरी यायचा आणि पोतं जमिनीवर ओतायचा. टेपरेकॉर्डरची मोटर निघाली, टॉर्चमधले सेल निघाले. मी मामाकडे माहेरपणाला गेले होते, तर मला दारातच पकडून म्हणाला, "कुत्रा बनवतंय! चालनारा! तो पुढं पुढं जाईल नि ही त्याच्या मागं मागं! हाय का न्हाय डोकं?"

"मामा, कुत्र्याला सहा पाय?"

"चारावर डुगडुगत व्हता, दोन वाढवले. त्यानं तक्रार केली का?"

रविवारी दुपारी कुत्रा तयार झाला. मामीच्या पलंगापासून दोन पावलांवर, पलंगाला समांतर असं लांब बाकडं होतं, एक टोक भिंतीला टेकलेलं, दुसरं मोकळं. मामानं त्याच्यावर कुत्रा ठेवला, आधी ओळख व्हावी म्हणून तोंड मामीकडे केलं, देवाला हात जोडले आणि बटण दाबलं. कुत्रा खडखडला, थरथरला, आणि पुढं न येता सरळ आडवाच चालत भिंतीपर्यंत गेला! तिथं आपटला, आतली कळ फिरली, नि आडवाच परत निघाला. झालं होतं असं, की तीस वर्षं मामाच्या हातांना एकच चाल ठाऊक होती, लूमच्या धोट्याची. सूत घेऊन डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे. हातांनी तीच चाल कुत्र्यात भरली होती. मामा डोकं धरून मटकन खाली बसला. माझा जीव तुटला त्याच्यासाठी.

मामी मात्र खो खो हसत सुटली. "जल्ला तुमचा कुत्रा! चिंबोरी हाय ती, चिंबोरी!" आणि मग एकदम ओरडली, "आवो, धरा तिला, पडंल!" चिंबोरी बाकड्याच्या मोकळ्या टोकाशी पोचली होती. मामाला ऐकूच गेलं नाही. मी सरबताचे पेले घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, दोन्ही हात अडकलेले. पुढं काय घडलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मामी उठली. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि कडेवरून निसटणारी ती चिंबोरी तिनं अलगद मागून पकडली, नांग्या लागू नयेत म्हणून पकडतात तशी. या चिंबोरीला नांग्या नव्हत्याच!

मामानं मान वर केली. त्या दिवशी मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलताना ऐकलं. "उभी रायलीस?" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुत्र्याला लाल नांग्या बसवल्या आणि पुढं महिनाभर ती चिंबोरी बाकड्यावरून रोज चालली, आणि तिला टोकाशी धरायला मामीही.

मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी गेले की मामी चिंबोरी काढते, नवे सेल घालते, तेलाचा थेंब सोडते आणि बाकड्याच्या मोकळ्या टोकाशी जाऊन उभी राहते. "बग कशी येतंय!" ती मला मोठ्यानं सांगते. आता त्या घरात कमी ऐकू येणारं कुणी नाही, तरी मामी अजून मोठ्यानंच बोलते.