सरकारी रक्त आणि सातवी सही

सरकारी कारकून रक्तातूनच येतो, हा शोध मला तालुक्याच्या कचेरीतल्या बाकड्यावर तिसरा वडापाव खाताना लागला.

समोर भाऊसाहेब चष्मा पुसत होते. त्यांचे वडील त्याच खुर्चीत बसून पुसायचे, अगदी तसाच. आधी डावी काच, मग उजवी, मग आपल्याकडे असं बघायचं, की काचेवरचा डाग म्हणजे आपणच! हे शिकवलं कुणी? वडील कचेरीत पुसत होते तेव्हा हे शाळेत होते. म्हणजे रक्तातच असणार!

माझं काम साधं होतं. सायकलवरून मासे विकून मी मालवणात घर उभं केलं. आता दिवाळीच्या गर्दीआधी पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. पण जमीन सामायिक. आमच्या सातबाऱ्यावर पंगतीला बसल्यासारखी नावं बसलीत, माझ्याखेरीज सात! सातही जणांची संमती हवी. सहा सह्या मी आणल्या. सातवी चुलतभाऊ बाबलची, आणि बाबलशी मी दहा वर्षं बोललेलो नाही. (त्याच्या माडाची झावळ माझ्या गाडीवर पडली. झावळ त्याची, गाडी माझी, शिव्या दोघांच्या.)

तेवढ्यात भाऊसाहेबांची बदली झाली आणि त्या खुर्चीत आली कोण? परीक्षा देऊन नोकरीला लागलेली माझी मुलगी, तनू! आमच्या घराण्याला सरकारी नोकरी आजवर शिवलेली नव्हती. रक्त एकदम स्वच्छ! बायकोला म्हटलं, "आता काम बघ कसां होतलां!"

सोमवारी रांग ओलांडून थेट टेबलाशी गेलो. "तनू, ह्या घे आणि शिक्को मार."

तिने कागद चाळले. "सातवी संमती कुठे आहे?"

घरी मालवणीत भांडणारी पोर इथे पुस्तकी मराठीत!

"गो, माका वळाखतंस मां?"

"अर्जदार म्हणून ओळखते. रांगेतून या."

मी बंदरावरच्या लिलावात केस पांढरे केलेला माणूस. भाव सुरू केला. "सात कित्याक? पाचात मिटव."

"सात."

"बरा, सहा. वर एक सुरमई."

"बाबा! हे मी ऐकलं नाही!"

मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, सुरमई ताजी आसा काय ती बघा!" अख्खी रांग खिदळली. माझं डोकं फिरलं. टेबलावर मूठ आपटून मी बापाचे उपकार मोजायला लागलो. तनूने शांतपणे चष्मा काढला आणि पुसायला घेतला. आधी डावी काच!

मी कागद उचलून बाहेर पडलो. मग दोष रक्ताचा की खुर्चीचा?

घरी बायकोला विचारलं, "तुझ्या माहेरी कोण सरकारी होतो काय गो?"

"माझ्या माहेराक कित्याक ओढतास? गिऱ्हाईक रडला तरी तुमी रुपयो खाली येतास? तां तुमचाच चेडू!"

दिवाळी तर तोंडावर आलेली. शेवटी राग गिळून बाबलच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जाऊन उभा राहिलो. बाबल जन्मभर होडीवर राबलेला, कचेरीची पायरीही न चढलेला. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरून पाहिला.

"सही करतंय," तो म्हणाला. "पण आधी माका लेखी अर्ज दी. दोन प्रतींत!"

बघा! घराण्यात हा रोग आधीपासूनच होता, फक्त नोकरी नव्हती! मी तिथेच ओट्यावर बसून अर्ज लिहिला. खाली 'आपला विश्वासू' घातलं. बाबलने सही केली.

आणि खोटं कशाला बोलू? दुसऱ्या प्रतीवर त्याच्याकडून पोच घेतल्याशिवाय मी तिथून हललो नाही!