घंट्यांसाठी मोकळा कान

आज सकाळी इअरफोनची उजवी बाजू बंद पडली आणि सिरसाळ्याचा माळ आठवला. शाळेतला माझा मित्र तिथं मेंढरं राखायचा. पुण्याहून सुट्टीला आलो की मी त्याला हेवी मेटलचे अल्बम ऐकवायचो. त्याची मतं माझ्याहून पक्की. नुसता वेग असला की म्हणायचा, "पळतंय लई बे, पण जात कुठंच न्हाई." दोन गिटारी लांब भटकून पुन्हा एका सुरात आल्या की खूश, "आता कळपात आल्या." मात्र इअरफोन तो एकाच कानात घालायचा, दुसरा कान मेंढरांच्या घंट्यांसाठी मोकळा. त्याचा मला राग यायचा. त्या दुपारी मीच हट्ट धरला, की शेवटचं वीस मिनिटांचं गाणं दोन्ही कानांनी ऐक, मगच अल्बमबद्दल बोल. त्यानं डोळे मिटले. वाळल्या गवताचा वास येत होता आणि मी मेंढरांऐवजी त्याचा चेहरा बघत बसलो. गाणं संपलं तेव्हा माळावर एकही घंटी वाजत नव्हती. मेंढरं खालच्या कापलेल्या ज्वारीत शिरली होती, आणि तिथले नवे कोवळे फुटवे जनावराला विष असतात. तासाभरात नऊ मेंढ्या पाय झाडत गेल्या. त्यांच्या गळ्यातल्या घंट्या त्यानं एकेक करून सोडल्या, मग इअरफोन माझ्या हातात ठेवत म्हणाला, "गाणं चांगलं हाय. पण लई लांब हाय." पुन्हा त्यानं कधी गाणं मागितलं नाही. आज चालू बाजूनं तेच गाणं लावलं, आणि मोकळ्या कानानं उगाच घंट्यांची वाट बघत बसलो.