पंचवीस ठोके

सुकाणीभाऊ आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी चहाच्या आधी साखरेचा डबा मागितला. कमलला, म्हणजे माझ्या पत्नीला, वाटलं की यांना चहा जास्त गोड लागत असेल. तिने डबा दिला. भाऊंनी झाकण घट्ट लावलं आणि डबा वीतभर उंचीवरून फरशीवर आपटायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आमचं तीन महिन्यांचं बाळ दचकून जागं झालं, तरी ते थांबले नाहीत. पंचवीस झाल्यावर त्यांनी झाकण उघडलं, वरच्या थरावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कोरडी हाये. आता टाक चहात."

बाळ रडत होतं म्हणून कमल पाळणा हलवायला लागली. भाऊ पाळण्याकडे पाहत राहिले. पाळणा एका बाजूला गेला की त्यांचा श्वास थांबायचा, परत आला की सुटायचा. ओठ हलत होते. ते काहीतरी मोजत होते. चार-सहा झोके झाले असतील, तोच त्यांनी उठून हाताने पाळणा धरला आणि म्हणाले, "मी जाईपर्यंत पोराले मांडीवर घे वं सूनबाई." त्यांच्या कपाळावर घाम होता. नागपुरात तेव्हा डिसेंबर चालू होता.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी नागपूरच्या सदर भागातल्या एका खासगी प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. आसपासच्या खाणींतून निघालेलं मँगनीज कामठीच्या पुढे रेल्वेच्या सायडिंगवर येऊन पडायचं आणि तिथून मालगाडीच्या वाघिणींनी बंदराकडे जायचं. त्यात धातू किती आणि पाणी किती, याचा दाखला आम्ही द्यायचो. ढिगातून नमुने काढून आणण्याचं काम भाऊंचं. त्याआधी ते अकरा वर्षं मालवाहू जहाजावर सुकाणी होते, म्हणजे चाक धरणारे. घरातल्यांनी छप्पन साली इथे दीक्षा घेतली, तेव्हा भाऊ कुठल्याशा समुद्रात होते. वडिलांचं पत्र त्यांना तीन महिन्यांनी मिळालं. पुढे त्यांचं जहाज बुडालं आणि ते नागपूरला परतले. "हिंदुस्थानात समुद्रापासून याहून लांब गाव सापडलं नाही," असं ते सांगत, आणि ते गंमत म्हणून सांगत नसत.

प्रयोगशाळेत त्यांची थट्टा चालायची. टायपिस्ट रोज विचारायचा, "काय भाऊ, आज नाग नदीला भरती किती वाजता?" भाऊ म्हणायचे, "भरती तुझ्या डोक्यात हाये गा. ओहोटी कधी येते, ते पाहून राहिलो मी." आमचे चीफसाहेब एकदा म्हणाले, "सुकाणी, इथून समुद्र सातशे-आठशे किलोमीटर लांब आहे. कशाला डबे बडवता?" भाऊंनी हातातला डबा पुढे केला. "नाही साहेब. यात हाये."

त्या ठोक्यांमागचं कारण साधं होतं. धातूचा बारीक चुरा ओला असला, तरी वरून कोरड्या मातीसारखा दिसतो. मुठीत दाबला तर गोळा होतो. पण तोच चुरा डब्यात भरून ठोकत राहिलं, की कणांमधलं पाणी वर येतं. पंधराव्या-सोळाव्या ठोक्याला वर चकाकी दिसते आणि पंचविसाव्यापर्यंत चुऱ्याचा चिखल झालेला असतो. जहाजाचं इंजिन आणि लाटा मिळून तळघरातल्या हजारो टन मालाला रात्रंदिवस असेच ठोके देत असतात. मग माल वाहायला लागतो, एका बाजूला जमतो आणि जहाज आडवं होतं. दुसऱ्या धातूंच्या चुऱ्याबाबत हे जहाजवाल्यांना ठाऊक होतं. मँगनीजचा चुराही असंच करेल, असं आमच्याकडे कोणी म्हणत नव्हतं. पाण्याचं प्रमाण आम्ही काढायचो ते केवळ कोरड्या मालाचं वजन ठरवण्यासाठी. भाऊंचं म्हणणं एवढंच होतं, की समुद्राला धातूचं नाव कळत नाही.

भाऊंकडे एक वही होती. अमरावती रोडवर वाडीला ट्रकच्या गोदामांमागे त्यांची भाड्याची खोली होती. बुद्धाची तसबीर, एक खाट आणि उशाशी पाण्याने अर्धा भरलेला काचेचा पेला. बाहेरून ट्रक गेला की पेल्यातलं पाणी थरथरायचं आणि भाऊ बोलता बोलता तिकडे पाहायचे. दर रविवारी ते सीताबर्डीच्या वाचनालयात जाऊन आठवड्याचे पेपर चाळत. कुठे जहाज बुडाल्याची बातमी असली, की वहीत उतरवून घेत. वहीत पाच रकाने होते: माल काय, पहिली खूण काय, कोणी पाहिलं, सांगितलं का, मेले किती. पुष्कळ रकाने रिकामेच असत, कारण पेपरात तेवढं येत नाही. मी एकदा विचारलं, "कोणी पाहिलं, हे कशाला हवं?"

"कोणीतरी पाह्यलेलंच असते बाबू," ते म्हणाले. "दर वेळी."

वहीचं पहिलं पान ते मला दाखवत नसत.

पुढच्या ऑगस्टमध्ये भाऊ आठ दिवस रजेवर गेले. भिवापूरला त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं. नेमकं त्याच वेळी चुऱ्याच्या एका मोठ्या ढिगाचे नमुने काढायचं काम आलं. मी स्वतः सायडिंगवर गेलो. आधी आठवडाभर पाऊस झाला होता, पण दोन दिवस कडक ऊन पडलेलं होतं. ढिगाच्या पायथ्याशी चिखल होता. माझे बूट नवे होते. मी फळीवरून ढिगावर चढलो आणि वरून व मधल्या उतारावरून वीस ठिकाणचे नमुने घेतले. पायथ्याचा एकही घेतला नाही. पाणी निघालं पाच पूर्णांक आठ टक्के. आकडा मी दोनदा तपासला. तो अचूक होता. मी दाखल्यावर सही केली आणि त्याच संध्याकाळी वाघिणी सुटल्या.

चौथ्या दिवशी भाऊ रजेवरून परतले. त्यांनी नोंदवही पाहिली आणि मला विचारलं, "पाच आठ? या पावसात? कुठून घेतला गा नमुना?"

मी सांगितलं. ते कोपऱ्यातला डबा आणि फावडं उचलून बाहेर पडले. मी मागोमाग गेलो. सायडिंगवर ढिगाचा थोडा माल उरला होता. भाऊंनी पायथ्याशी हातभर खोल खणलं, तिथला चुरा डब्यात भरला आणि डबा रुळाच्या लाकडी स्लीपरवर ठोकायला लागले. मी मनात मोजत होतो. नवव्या ठोक्याला चकाकी आली. पंचवीस झाल्यावर त्यांनी डबा माझ्यापुढे तिरपा केला. माझी सही असलेला माल डब्यात एका बाजूला वाहत गेला आणि तिथेच राहिला.

मी म्हणालो, "भाऊ, माल तर गेला. आता काय करता येणार?"

भाऊ फावडं आडवं टाकून त्याच्या दांड्यावर बसले. त्या दिवशी पहिल्यांदा ते आपल्या जहाजाबद्दल बोलले.

"मी चाकावर होतो, बाबू. मले डुलणं मोजायची सवय होती. जहाज एका बाजूले जाऊन परत यायले बारा आकडे लागत. त्या दिवशी सकाळी चौदा लागले. जेवणानंतर सतरा. मी मोजून राहिलो होतो. साहेब बाजूलेच उभा होता, हातभर अंतरावर. मले वाटलं, त्याले दिसतच असंल. चाकावरच्या माणसानं साहेबाले काय शिकवायचं?"

"मग?"

"मग एकवीस झाले. बाविसावा आकडा मी पाण्यात मोजला."

एकतीस माणसांपैकी एकोणीस गेली होती. भाऊ एका फळीला धरून अकरा तास पाण्यात होते. ते उठले, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "माल भरायलेच आठवडा लागते. तुझं जहाज अजून धक्क्याले हाये. माझं नव्हतं."

प्रयोगशाळेत परत येऊन मी पायथ्याच्या चुऱ्यातलं पाणी काढलं. अकरा पूर्णांक चार. आकडा घेऊन मी चीफसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "वजनात फरक पडला तर हिशेब मागाहून करता येतो. पावसात भिजलेला माल काय आजच चालला आहे? दाखला मागे घेतला, तर उद्या आपल्याला कोण विचारेल? आणि पहिल्यांदा घरी कोण जाईल, ते तुम्हीच ठरवा."

संध्याकाळी मी कमलला सगळं सांगितलं. बाळ तिच्या मांडीवर होतं. तिने विचारलं, "जहाजावर माणसं किती असतात?"

"तीस-पस्तीस."

"आणि आपण तीन," ती म्हणाली. "एवढा हिशेब तुम्हाला मी सांगायचा का?"

तरी त्या संध्याकाळी मी गेलो नाही. तार ऑफिस उघडं होतं आणि मी घरात बसून राहिलो. त्या रात्रीचे चौदा तास मी आजही स्वतःच्या नावावर धरतो. सकाळी मी निघालो, तेव्हा भाऊ तार ऑफिसच्या पायरीवर बसलेले होते. कधीपासून, ते मी विचारलं नाही. मी माझ्या नावाने दोन तारा केल्या, एक बंदरातल्या आमच्या माणसाला आणि एक जहाजाच्या कप्तानाला. नमुना सदोष, दाखला रद्द, माल भरू नये. भाऊंनी कप्तानाच्या तारेत आणखी तीन शब्द घालायला लावले: डब्यात ठोकून पाहा.

पुढचे सहा दिवस कसे गेले, ते मला नीट सांगता येणार नाही. पेपर उघडताना हात थांबायचा. पाळण्याच्या कड्या कुरकुरल्या की मी मोजायला लागायचो. एकदा कमल माझ्यावर ओरडली, "मोजू नका हो, मलाही भीती वाटते." तेव्हा मला कळलं, की मी मोठ्याने मोजत होतो. भाऊ कामावर येत, नमुने काढत आणि माझ्याकडे न बघता जात.

सातव्या दिवशी बंदरातल्या माणसाचं पत्र आलं. तार पोचली तेव्हा दोन तळघरं भरून झाली होती. कप्तानाने डेकवर डबा मागवला, स्वतः ठोकून पाहिला आणि सगळा माल परत धक्क्यावर उतरवायला लावला. पत्रात आमच्या माणसाने मला पुष्कळ बोल लावले होते. मी ते पत्र तीनदा वाचलं. भाऊंना दिलं. त्यांनी वाचून घडी घातली, परत केलं आणि नळाखाली तोंड धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

चीफसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "जहाज बुडालंच असतं, याचा काय पुरावा आहे तुमच्याकडे?" त्यांनी मला विचारलं. माझ्याकडे पुरावा नव्हता. जे घडलं नाही त्याचा आकडा कुठून आणणार?

भाऊ म्हणाले, "पुरावा समुद्राच्या बुडाशी हाये, साहेब. आमचे एकोणीस जण तिथंच हायेत. जाऊन इचारा."

वर्षभरात मला ती नोकरी सोडावी लागली. दुसरी मिळाली, पोटापाण्याचं बरं चाललं. भाऊंचे गुडघे गेले आणि ते मुलीकडे भिवापूरला राहायला गेले. बसस्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा ते दाराजवळच्या सीटवर बसले. जहाज बुडाल्यापासून ते कुठेही दारापासून लांब बसत नसत. खिडकीतून त्यांनी ठोक्याचा डबा माझ्या हातात दिला. "तुले लागंल गा," म्हणाले. बस हलली, तेव्हा त्यांनी पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

ऐंशीनंतर एका उन्हाळ्यात त्यांची मुलगी आमच्या घरी आली. तिने वर्षभराची मिरची आणली होती आणि तिच्याखाली फडक्यात बांधलेली वही. "बाबा जाता जाता सांगून गेले, ही तुमाले द्यायची," एवढंच ती बोलली.

मी आधी पहिलं पान उघडलं. माल: ओला चुरा. पहिली खूण: चौदा आकडे. कोणी पाहिलं: मी. सांगितलं का: नाही. मेले: एकोणीस, आणि त्याखाली एकोणीस नावं.

शेवटची नोंद आमच्या त्या मालाची होती. पहिली खूण: नववा ठोका. कोणी पाहिलं या रकान्यात माझं नाव होतं. सांगितलं का: हो. मेले: शून्य. त्या वहीत शून्य एवढ्या एकाच ठिकाणी होतं.

ती नोंद चुकीची होती. मी पायथ्याला हात लावला नव्हता, चौदा तास घरात बसून होतो, आणि जे पाहिलं ते दुसऱ्याने दाखवल्यावर पाहिलं. चुकीचा आकडा किंवा चुकीचं नाव मला कागदावर ठेवता येत नाही. मी पेन घेतलं, माझं नाव एका रेघेने खोडलं, त्यावर सुकाणीभाऊ असं लिहिलं आणि बाजूला सही केली. पुढच्या रकान्यातला 'हो' तसाच राहू दिला. तो त्यांच्या नावापुढे बरोबर होता.