बाटलीकाकांचे प्रॅक्टिकलचे मार्क

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर असलेल्या गृहस्थांना सगळे बाटलीकाका म्हणत. बाटल्या धुवायच्या, भरायच्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या हे त्यांचं काम, म्हणून हे नाव. पण भर बाजारात एखादा जुना विद्यार्थी "ओ बाटलीकाकाऽ" अशी हाळी देई, तेव्हा काकूंना मेल्याहून मेल्यासारखं होई. कारण लोक आधी काकांकडे बघत आणि मग काकूंकडे दयेने.

काकांचा हात म्हणजे तराजू होता. कुठल्या टेबलाचा नळ गळतो आणि कुठला बर्नर रुसतो, हे त्यांना तोंडपाठ. परीक्षेत घाबरलेल्या पोराच्या मागून जाताना ते खोकत. एक खोकला म्हणजे "आता थेंबाथेंबाने", दोन म्हणजे "बंद कर, गाढवा". त्या खोकल्यांच्या जोरावर किती जण शिकून मोठे झाले, याची नोंद कुठल्याही विद्यापीठात नाही. प्राध्यापकांना हे ठाऊक होतं, पण त्यांतले दोघे स्वतःच खोकल्यावर पास झालेले, तेव्हा बोलणार कोण?

असं छान चाललं असताना पहिल्या वर्षाच्या एका मुलीने घोळ घातला. ब्यूरेटमधून म्हणजे तोटीच्या लांब नळीतून जांभळं द्रावण गरम आम्लात सोडायचं, असा तो प्रयोग. तिने विचारलं, "काका, पहिल्या थेंबाचा रंग जायला इतका वेळ लागतो, मग पुढच्यांचा झटक्यात कसा जातो?"

"धीर धरायचा," काका म्हणाले. एकतीस वर्षं ते हेच सांगत आले होते.

"धरला हो. पण का?"

काकांना उत्तर येत नव्हतं. तो रंग जाताना त्यांनी लाख वेळा पाहिला असेल, पण का जातो हे स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना भारी लाज वाटली. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "मी बी.एस्सी. करणार."

काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. "वय काय तुमचं?"

"पंचावन्न."

"अठ्ठावन्नला रिटायर होणार. मग त्या डिग्रीचं काय लोणचं घालायचंय?"

मुलगा मोबाइल दुरुस्त करायचा. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेला आणि प्राध्यापकांपेक्षा जास्त कमावणारा, त्यामुळे या विषयावर तो अधिकारवाणीने बोले. "बाबा, कॉलेजात काही नसतं. फोनला विचारा, तीन सेकंदांत उत्तर मिळतं."

"मिळतं रे," काका म्हणाले, "पण कळत नाही."

बारावी सायन्स काकांनी तरुणपणीच केली होती, तेव्हा प्राचार्यांनी परवानगी दिली. सकाळी वर्गात बसायचं, दुपारी नोकरी करायची, पण ही सवलत नोकरीत असेपर्यंतच. म्हणजे तीन वर्षं आणि एकही चूक नाही. एक वर्ष वाया गेलं की गाडी कायमची चुकली.

पहिले सहा महिने काका रडकुंडीला आले. गणिताने त्यांना पाणी पाजलं. शेवटच्या बाकावर ते चष्मा पुसत बसत आणि स्वतःच्या मुलाहून लहान पोरं त्यांना "काका, झोपलात का?" म्हणून कोपराने ढोसत. मग हळूहळू चाक फिरलं. जांभळ्या रंगाचं कोडंही सुटलं. त्या प्रयोगात जे नवं तयार होतं, तेच पुढच्या थेंबांचं काम सोपं करतं. हे कळलं त्या संध्याकाळी काका इतके खूश झाले की त्यांनी काकूंना ते तीनदा समजावलं आणि भाजी करपली.

काकूंची टीका चालूच होती, पण उजळणी घ्यायला पुस्तक धरून त्याच बसत. "व्याख्या सांगा," त्या दरडावत. काका अडखळले की त्या पुस्तकात न बघता पुढचं वाक्य म्हणत आणि वर म्हणत, "एवढं साधं येत नाही आणि निघाले डिग्री घ्यायला!"

शेवटच्या वर्षाचे लेखी पेपर चांगले गेले. राहिलं प्रॅक्टिकल. त्याची कुणालाच काळजी नव्हती. माशाला कुणी पोहण्याच्या परीक्षेबद्दल विचारतं का? रिटायर व्हायला दोन महिने उरले होते. त्या दिवशी काका उमेदवार, म्हणून बाटल्या सांभाळायला दुसऱ्या विभागातला परिचर आला होता. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई दाराशीच थबकल्या. "काका? तुम्ही या बाजूला?" वीस वर्षांपूर्वी त्या याच टेबलावर शिकल्या होत्या.

काकांनी तिन्ही रीडिंग तासाभरात घेतली. आता बाईंनी येऊन चंचुपात्रातला फिकट गुलाबी रंग बघायचा, ब्यूरेटवरचा आकडा पडताळायचा आणि सही करायची. बाई दुसऱ्या टोकाला होत्या. काका हात मागे बांधून उभे राहिले. एवढा वेळ नुसतं उभं राहायची त्यांच्या हातांना सवय नव्हती. समोर वापरलेली भांडी दिसत होती. डोक्यात तोंडी परीक्षेची उत्तरं घोळत होती आणि हात आपल्या कामाला लागले. पात्रं उचलली, मोरीत ओतली. ब्यूरेट रिकामी केली, धुतली, उलटी टांगली. मग शेजारच्या टेबलावरचीही धुऊन टाकली.

शेजारची चष्मेवाली मुलगी वही घेऊन वळली आणि किंचाळली. "काकाऽ! माझं रीडिंग! अजून सही व्हायची होती!"

काकांच्या हातात तिचं स्वच्छ धुतलेलं पात्र होतं. मुलगी हमसून रडायला लागली. बाई धावत आल्या.

"मॅडम, चूक माझी आहे," काका म्हणाले. "हिचा काही दोष नाही. मला काय ती शिक्षा द्या, हिला वेळ द्या."

बाईंनी घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं होती. त्यांनी मुलीला प्रयोग पुन्हा करायला सांगितलं, मग काकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "काका, तुमची वही द्या. आकडे लिहिलेत ना? मी सही करते. तुमच्या हाताबद्दल मला शंका असेल का?"

काकांना मोह झाला. खोटं कशाला सांगायचं, चांगलाच झाला. दोन महिन्यांनी या दारातून आत यायचीही सोय राहणार नव्हती. आकडे खरेच होते. पण बाईंनी ते पाहिलेले नव्हते आणि न पाहिलेल्यावर सही करायची नाही, हे याच प्रयोगशाळेत तीन वर्षं काकांना शिकवलं गेलं होतं.

"नको," ते म्हणाले. "पुन्हा करतो. आधी तेवढं हिचं मांडून देऊ द्या, मी विस्कटलंय."

बाईंनी मान हलवली. काकांनी मुलीची ब्यूरेट भरून दिली, बर्नर पेटवून दिला, तिचं रडू थांबेपर्यंत "माझे आई, पूस ते डोळे" अशी विनवणी केली. यात वीस मिनिटं गेली. मग ते स्वतःच्या टेबलापाशी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात चुकला. पहिल्या रीडिंगला रंग गुलाबी व्हायच्या ऐवजी गडद जांभळा झाला. अशा रंगाबद्दल त्यांनी हजार पोरांना गाढव म्हटलं होतं. आज त्यांच्या मागे खोकणारं कुणी नव्हतं. दुसरं रीडिंग नेमकं आलं. बाईंनी बघितलं, सही केली. तिसरं सुरू होण्याआधी घंटा झाली.

निकाल लागला. लेखी परीक्षेत बाटलीकाकांना पहिला वर्ग, आणि प्रॅक्टिकलला पन्नासपैकी चोवीस. जेमतेम पास, वर्गात सगळ्यात कमी! पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि हसून हसून जवळपास पाडलं. चष्मेवालीला सत्तेचाळीस मिळाले होते. ती सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती. काकाही पोट धरून हसले.

घरी काकूंनी गुणपत्रिका उजेडात धरून वाचली. मुलगा डोकावून म्हणाला, "बाबा, चौतीस वर्षं ज्या खोलीत काढलीत तिथेच चोवीस?"

"त्या दिवशी बाई देत होत्या ती सही घेतली असती तर किती मिळाले असते?" काकूंनी विचारलं.

"पंचेचाळीस तरी."

"मग का नाही घेतली?"

"अगं, आजवर मी कितीतरी जणांना मार्क मिळवून दिले," काका म्हणाले. "मला कधी कुणी दिले नव्हते. ते पंचेचाळीस बाईंच्या मायेचे झाले असते. हे चोवीस माझे आहेत. एक जास्त नाही, एक कमी नाही."

काकूंनी पदराने डोळे टिपले, चपला घातल्या आणि गुणपत्रिका घेऊन शेजारणीकडे गेल्या. भिंतीपलीकडून त्यांचा खणखणीत आवाज ऐकू आला. पहिल्या वर्गाचं त्या नंतर सांगणार होत्या. "आधी हा आकडा बघा," त्या म्हणत होत्या, "हा चोवीस."